चकाकतं ते काढून पाहा

वसमतहून कुरुंद्याकडे जाताना दोन्ही अंगांना हळदीची शेतं लागतात. पुढं टोकाईचा गड दिसतो. या गावानं मराठीला एक आडनाव दिलं. नरहर कुरुंदकरांचा जन्म आजोळी, नांदापूरला, 15 जुलै 1932चा. पण नावात गाव राहिलं ते कुरुंदा. तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून चाले. अशा मुलखातून आलेल्या, नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या माणसानं मराठी वाचकाला वाचायचं कसं ते शिकवलं. मला तरी त्यांच्याच एका पत्रानं शिकवलं.

ते पत्र म्हणजे रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना. शाळेत असताना ती कादंबरी मी पहिल्यांदा हातात घेतली, तेव्हा सुरुवातीची ही पानं सरळ उलटून पुढं गेलो. मला गोष्ट हवी होती, अफझलखान हवा होता, आग्रा हवा होता. कादंबरी दोनदा वाचून झाल्यावर, दुसरं पुस्तक हाताशी नव्हतं म्हणून, पत्र वाचलं. आणि त्यानंतर कादंबरी तिसऱ्यांदा वाचायला घेतली, ती अगदी वेगळ्या डोळ्यांनी.

पत्राचं पहिलं सौंदर्य ते पत्र असण्यात आहे. प्रस्तावनाकार बहुधा पुस्तकाच्या बाजूनं उभा राहून वाचकाकडे तोंड करतो. इथं कुरुंदकर लेखकाकडे तोंड करून बसले आहेत, आणि आपण वाचक शेजारी बसून ऐकतो आहोत. समोर आहे ‘स्वामी’ लिहून घराघरात पोचलेला कादंबरीकार. त्याच्याविषयी आदर आहे, स्नेह आहे, पण त्या स्नेहापोटी एकही प्रश्न गिळलेला नाही. साधनांवर कितपत भिस्त ठेवायची, शहाजी आणि जिजाबाई यांच्याकडे कसं पाहायचं, अशा अवघड जागांना ते थेट हात घालतात. वाक्यं आखूड, बोलण्याच्या लयीतली. विरोधी बाजू आधी, तीही पूर्ण ताकदीनिशी मांडायची आणि मग तिच्यातून वाट काढायची, ही त्यांची नेहमीची रीत.

पण मला या पत्रात सगळ्यांत मोलाची वाटते ती एकच हालचाल. शिवाजी म्हटलं की आपल्या मनात जे प्रसंग चकाकतात, ते सारे कुरुंदकर क्षणभर बाजूला ठेवायला लावतात. प्रतापगड नको, लाल महाल नको, आग्र्याहून सुटका नको. साहसी, यशस्वी माणसं इतिहासात पुष्कळ झाली. हे सगळं वजा केल्यावर उरतं काय, ज्याच्यासाठी हा माणूस थोर म्हणायचा? उत्तरासाठी ते शिवाजीच्या मृत्यूनंतरच्या काळाकडे बोट दाखवतात. 1680 साली राजा गेला. 1689 साली संभाजीला मारलं. राजाराम बरीच वर्षं दूर जिंजीला होता, आणि 1700 साली तोही गेला. तरीही 1707 मध्ये औरंगजेब नगरला मरेपर्यंत इथली माणसं लढत राहिली. हे राज्य आपलं आहे असं साध्या माणसाला वाटावं, एवढं त्या राजानं काय केलं होतं? थोरवीचा शोध असा त्याच्या कारभारापर्यंत, रयतेपर्यंत येतो. ज्या प्रसंगांवर आपण जीव टाकतो तेच वगळून माणूस अधिक मोठा झालेला दिसतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

ही कसोटी फक्त इतिहासपुरुषाची नाही. ती लेखनालाही लावता येते, हे मला फार उशिरा उमगलं. खानाच्या भेटीचा प्रसंग वाचताना माझ्या अंगावर काटा येई. तो कोणी आणला? देसाईंच्या वाक्यांनी, की चौथीच्या पुस्तकानं, जत्रेत ऐकलेल्या पोवाड्यानं आणि आजोबांच्या आवाजानं? त्या पानावर सुमार लिहिलेलं असतं तरी काटा आलाच असता. आपलं आधीचं भरलेलं मन आपण पुस्तकाच्या खात्यावर जमा करतो आणि म्हणतो, काय लिहिलंय!

कुरुंदकरांनी ‘रिचर्ड्‌सची कलामीमांसा’ हे पुस्तक लिहिलं, त्यामागं हीच ओढ असावी असं मला वाटतं. आय. ए. रिचर्ड्‌स केंब्रिजला आपल्या विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवी, पण कवीचं नाव लपवून. विद्यार्थी काय लिहून देतात ते त्यानं 1929च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये मांडलं. नावाचा आधार सुटताच भलीभली शिकलेली मुलं चाचपडली. कुणी कवितेत नसलेल्या स्वतःच्या आठवणी तिच्यात वाचल्या, कुणी ठरीव भावनेनं डोळे पुसले. नाव झाकणं आणि चकाकणारे प्रसंग वजा करणं, दोन्हींचा रोख एकच: माझं काय आणि मजकुराचं काय, हे वेगळं करणं.

पत्रात एक उणीव आहे, आणि ती सांगितली नाही तर त्याच पत्राशी बेइमानी होईल. कुरुंदकर माणूस तोलतात, काळ तोलतात, तर्काच्या गाठी सोडवतात. वाक्य मात्र क्वचितच तोलतात. देसाईंचे संवाद कुठं जिवंत होतात आणि कुठं नाटकी, शिवाजी एकटा असतानाची त्यांची भाषा एकदम कशी मऊ होते, हे या पत्रातून कळत नाही. तिथं वाचकाला स्वतःचा कान लावावा लागतो. मी तो लावायला शिकलो आहे असं म्हणवत नाही, पण मोठ्यानं वाचतो. मोठ्यानं वाचलं की पोकळ वाक्य लगेच ओळखू येतं. तिथं विशेषणं घशात अडकतात.

आणि देसाईंचं मोठेपण इथंच नोंदवायला हवं. ज्या प्रसंगांना पत्र बाजूला ठेवतं, त्याच प्रसंगांवर कादंबरीकार रमतो; तो त्याचा हक्क आहे, कथा त्यावरच उभी राहते. तरीही त्यानं ते पत्र कादंबरीच्या दारातच ठेवलं. आपल्या वाचकाच्या हाती आपल्यालाच जोखण्याचा काटा देणारे लेखक किती असतील?

10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला कुरुंदकर गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. 

मागच्या वर्षी गावाकडच्या एका वाचनालयात ‘श्रीमान योगी’ची जुनी प्रत पाहिली. पत्राची पानं कोरी करकरीत, पुढची पानं हाताळून मऊ झालेली. आग्र्याच्या प्रकरणाचे तर कोपरे झडलेले. निराश होऊन मी पुस्तक ठेवणार, तेवढ्यात त्याच प्रकरणातल्या एका समासात पेन्सिलीनं काढलेली बारीक रेघ दिसली. शेजारी कुणीतरी कच्च्या अक्षरात लिहिलं होतं: ‘पत्र पुन्हा बघणे.’