बुडीत गाव आणि कादंबरीकार : ‘झाडाझडती’च्या निमित्ताने



कादंबरी कशी सुचते, हा प्रश्न लेखकांना इतक्या वेळा विचारला जातो की त्याचं एक ठरीव उत्तर तयार झालं आहे. अनुभव आला, अस्वस्थ झालो, लिहून काढलं. हे उत्तर खोटं नाही, पण त्यातून हाताला काही लागत नाही. अस्वस्थ तर पुष्कळ जण होतात, ते सगळे काही कादंबरी लिहीत नाहीत. म्हणून आज आपण प्रश्न जरा वेगळा विचारू. सामग्रीचा ढीग समोर पडलेला असताना कादंबरीकार त्यातून काय उचलतो, कोणाला मध्यभागी ठेवतो आणि गोष्ट कुठे थांबवतो?

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात सामग्री शोधायला लांब जावं लागत नाही. साधा प्रश्न घ्या. आंबेगाव तालुक्यातलं आंबेगाव कुठे आहे? तालुक्याची कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला. ज्या गावाने तालुक्याला नाव दिलं ते जुनं गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तरी प्रत्येक दाखल्यावर आजही ‘तालुका आंबेगाव’ असंच लिहिलेलं असतं. शेजारच्या जुन्नर तालुक्यात माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे. ही आणि डिंभे मिळून पाच धरणं एकाच कुकडी प्रकल्पाची. पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोचतं. धरणाच्या भाषेत एका बाजूला ‘बुडीत क्षेत्र’ आणि दुसऱ्या बाजूला ‘लाभक्षेत्र’. हे दोन शब्द शेजारीशेजारी ठेवले तरी नाट्य उभं राहतं. पण नाट्य म्हणजे अजून कादंबरी नव्हे.

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ १९९१ साली आली आणि १९९२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विषय धरणग्रस्तांचा. ती डिंभ्याची किंवा माणिकडोहची कादंबरी आहे असं आम्ही म्हणत नाही; कादंबरीतलं गाव नकाशावर शोधत बसू नये. पण या भागातल्या कोणाही वाचकाला त्यातली माणसं ओळखीची वाटतील. आणि लेखक तेव्हा महसुली सेवेतला अधिकारी होता, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. फाईल आतून पाहिलेला माणूस ही कादंबरी लिहितो आहे.

आता फाईल काय करते ते बघा. तेव्हा लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली कलम ४ ची अधिसूचना निघायची, पुढे नोटिसा, मोजणी, पंचनामा, शेवटी निवाडा. घर किती खणांचं, विहीर बांधीव की कच्ची, झाडं किती, खातेदार कोण. सगळं नोंदलं जातं. नोंदलं जात नाही ते असं : सातबारावर नाव थोरल्या भावाचं, पण चूल वेगळी झाली त्याला वीस वर्षं झाली. मग धाकटा धरणग्रस्त आहे की नाही? त्याने ते सिद्ध करायचं. पोलीस चोराची घेतात ती झाडाझडती. इथे ज्याचं घर गेलं त्यालाच प्रत्येक टेबलापुढे आपले खिसे उलटे करून दाखवावे लागतात. कादंबरीचं नाव नुसतं आकर्षक नाही. लेखकाने विषयाकडे कुठून पाहायचं ठरवलं, ते त्या एका शब्दात आहे.

पुढचा निर्णय पात्राचा. खैरमोडे गुरुजी मध्यभागी असणं हा या कादंबरीतला सगळ्यात विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, असं आम्हाला वाटतं. नोटीस वाचता येते आणि ओसरीवर बसून ती समजावूनही सांगता येते, असा माणूस गावात कोण? शाळामास्तर. कागदाची भाषा आणि तोंडची भाषा यांच्यामधला तो पूल. साहेबाला नायक केलं असतं तर गाव केविलवाणं दिसलं असतं. आणि निवेदन पूर्णपणे अडाणी शेतकऱ्याच्या डोक्यात बसवलं असतं तर कचेरीचं यंत्र वाचकाला कळलंच नसतं. मास्तर दोन्हीकडे जातो, आणि दोन्हीकडे उपराही ठरू शकतो.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. पाटलांनी आधी ‘पानिपत’ लिहिली होती, १९८८ साली. लढाईपेक्षाही लाख माणसांचा तळ कसा हलतो, रसद तुटली की काय होतं, अफवा कशी फिरते, हे त्या कादंबरीने त्यांच्याकडून घोटून घेतलेलं दिसतं. ‘झाडाझडती’ वाचताना ती तालीम जाणवते. उठवलेलं गाव म्हणजे रसद नसलेली फौजच. लेखक एका पुस्तकात कमावलेला हात दुसऱ्या, वरकरणी अगदी वेगळ्या पुस्तकात वापरतो.

उणीवही याच हाताची. प्रसंगामागून प्रसंग आदळतात, वाचकाला दम घ्यायला जागा मिळत नाही. भ्रष्ट माणूस पहिल्याच भेटीत भ्रष्ट म्हणून कळतो आणि शेवटपर्यंत तेवढाच राहतो. लेखकाचा संताप रास्त आहे, पण काही पानांवर पात्रांना बोलू न देता तोच बोलतो. एखादा कारकून घरी गेल्यावर जेवतो कसा, हे कळलं असतं तर त्याचा टेबलावरचा निर्ढावलेपणा जास्त बोचला असता.

इथे रशियन लेखक वालेन्तिन रासपुतिन याची आठवण काढू. १९७६ सालची त्याची कादंबरी अंगारा नदीतल्या मात्योरा नावाच्या बेटाबद्दल आहे. धरण होणार, बेट बुडणार. दार्या नावाची म्हातारी, जाळून टाकायच्या घराला आदल्या दिवशी चुना लावते. रासपुतिन गाव बुडताना दाखवतच नाही. धुक्यात गोष्ट संपते. पाटलांना निरोपापाशी थांबणं परवडलं नसतं. त्यांचा विषय पाणी आल्यानंतरचा, म्हणजे पुनर्वसनाचा. संकट एकच, पण थांबायची जागा बदलली की कादंबरीची जातच बदलते. एक शोकगीत होते, दुसरी फिर्याद.

मग डिंभ्याच्या काठाला तिसरी जागा आहे, ती अजून मोकळी दिसते. इथले बरेच आदिवासी लांब कुठे गेले नाहीत. पाण्याच्या वर सरकले आणि तिथेच राहिले. उन्हाळ्यात पाणी उतरतं, जमीन उघडी पडते, तिच्यात गाळपेर होते. पूर्वी जो मालक होता, तो आता आपल्याच वावरात सरकारी परवानगीने पेरतो, आणि पाऊस लागला की वावर पुन्हा जातं. वरच्या अंगाला बाळहिरडा वेचून अंगणात वाळवायचा, खाली तळ्यात मासेमारी. अशा गोष्टीत काळ कॅलेंडरने मोजून चालणार नाही, पाण्याच्या पातळीने मोजावा लागेल. निरोप एकदाच घेता येतो. इथे तो दरवर्षी घ्यावा लागतो.

हे लिहू पाहणाऱ्या, विशेषतः या भागातल्या तरुण मंडळींना एक सांगणं. बोलीची घाई करू नका. सिनेमातली ‘ग्रामीण’ भाषा महादेव कोळी आजीच्या तोंडी घातली की पहिल्याच वाक्यात ती आजी मरते. आधी एका कुटुंबाचं एक वर्ष लिहून काढा. कोणत्या महिन्यात किती वावर वर असतं, हिरडा विकून आलेल्या पैशातलं आधी काय फिटतं, कालव्याने पाणी सुटल्याची बातमी वस्तीवर कोण आणतं. गुरुजी कोण, साहेब कोण, हे मग ठरवू.