पडद्यावरचे व्हेनिस, पाण्यातले व्हेनिस

व्हेनिस हे शहर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. मात्र ते पडद्यावर. पाण्यातून वर आलेले राजवाडे, काळी सडपातळ नौका, तीत रेलून बसलेले एक जोडपे आणि मागे उभा राहून वल्हे मारणारा नावाडी, एवढी सामग्री जमली की प्रेम सिद्ध करण्यासाठी चित्रपटाला आणखी काही करावे लागत नाही. शहरच प्रेमाची साक्ष देते. या साक्षीची थोडी उलटतपासणी करावी असे आम्हांला वाटते. धर्मगुरूने प्रेमपटांत लक्ष घालावे काय, असे कोणी विचारील. विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी आमच्यासमोर येऊन बसणारी तरुण मंडळी प्रेमाचे पहिले धडे आमच्याकडे गिरवत नाहीत. ते त्यांनी पडद्यासमोर केव्हाच गिरवलेले असतात. शिवाय लग्नखर्चाचे कर्ज डोक्यावर असताना मधुचंद्राच्या परदेशवारीसाठी दुसरे कर्ज काढणारी घरे आता आपल्या धर्मग्रामांतही दिसू लागली आहेत.

या पंगतीतला सर्वांत सुंदर चित्रपट कोणता, असे विचारल्यास आम्ही डेव्हिड लीन यांच्या 'समरटाइम'चे (१९५५) नाव घेऊ. अमेरिकेतील ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावची जेन हडसन ही प्रौढ अविवाहित स्त्री वर्षानुवर्षे पै-पै साठवून व्हेनिसला येते. भूमिका कॅथरिन हेपबर्न यांची. हातात चलच्चित्रणाचा छोटा कॅमेरा. जे दिसेल ते टिपायचे. चौकात बाकी सारे जोडीने बसलेले आणि ही एकटी. त्या एकटेपणाचे चित्रण इतके खरे आहे की प्रत्येक धर्मग्रामात अशी एखादी जेन असते हे आमच्या वाचकांना सांगावे लागू नये. पुढे रेनातो नावाचा पुराणवस्तूंचा दुकानदार तिच्या आयुष्यात येतो, आणि तो विवाहित, मुलाबाळांचा बाप असल्याचे तिला मागाहून कळते.

चित्रपटाचा खरा मर्मबिंदू आमच्या मते त्या प्रेमात नसून एका तांबड्या काचेच्या पेल्यात आहे. रेनातोच्या दुकानातून जेन तो विकत घेते. पेला अठराव्या शतकातला असल्याची ग्वाही तो देतो. नंतर त्याच निवासगृहात उतरलेले एक अमेरिकन दांपत्य मुरानो बेटावरून अगदी तसल्याच पेल्यांचा नवाकोरा संच घेऊन परतते. जेनचा चेहरा पडतो. रेनातो म्हणतो, नक्षी जुनीच आहे, ती पुनःपुन्हा काढली जाते. तुझा पेला अस्सल. तो खरे बोलतो की खोटे, याचा निवाडा दिग्दर्शक करीत नाही. प्रेक्षकाने मात्र करावा. ज्या माणसाने बायको लपवली, त्याने पेल्याचे वय तरी खरे सांगितले असेल काय? लीन यांनी हा प्रश्न मांडला, आणि लगेच सूर्यास्त, आतषबाजी व बुरानो बेटाची रंगीत घरे दाखवून तो बुडवूनही टाकला. रेनातोच्या घरी जी स्त्री आहे तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही. तिच्या बाजूने विचार करण्याची सवड मिळू नये इतके ते शहर देखणे टिपलेले आहे. याला आम्ही कलेची लबाडी म्हणतो. आणि लबाडी कुशल असली म्हणून तिचे नाव बदलत नाही.

मुरानोचे सत्य जाणून घेण्यासारखे आहे. शहराला आग लागू नये म्हणून १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या त्या बेटावर हलविण्यात आल्या. आज व्हेनिसच्या गल्ल्यांतून 'मुरानो' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात परदेशातून आलेल्या स्वस्त नकला इतक्या झाल्या, की १९९४ मध्ये व्हेनेतो प्रांताला अस्सल मालासाठी कायद्याने खास चिन्ह ठरवावे लागले. जेनची शंका आता सरकारदरबारी नोंदली गेली आहे म्हणायची!

याच चित्रपटात कॅमेरा डोळ्याला लावून मागे सरकताना जेन कालव्यात पडते. सान बार्नाबाच्या चौकालगतचा तो प्रसंग हेपबर्न यांनी स्वतःच केला, आणि त्या पाण्यामुळे डोळ्यांना जडलेला विकार आयुष्यभर सुटला नाही असे त्या सांगत. प्रेक्षक हसतो. कालव्याचे पाणी हे काय प्रकरण आहे ते त्याला ठाऊक नसते. व्हेनिसच्या जुन्या शहरात आधुनिक गटारव्यवस्था पूर्णपणे कधीच झाली नाही. अनेक घरांचे सांडपाणी आजही मलकुंडांतून किंवा जुन्या भुयारी मोऱ्यांतून कालव्यातच जाते आणि भरती-ओहोटी ते वाहून नेते. उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी वास येतो तो याचा. पडद्याला वास नसतो, ही चित्रपटकलेवर परमेश्वराची कृपाच समजावी.

(एक गोष्ट जाता जाता. या चित्रपटाचे चित्रण चालू होते तेव्हा, १९५४ च्या उन्हाळ्यात, संत मार्कच्या महामंदिराशेजारी राहणारे व्हेनिसचे पॅट्रिआर्क होते कार्डिनल रोंकाल्ली. चारच वर्षांनी ते पोप तेविसावे जॉन झाले.)

आपल्या हिंदी प्रेक्षकाला व्हेनिस घडविले ते शक्ती सामंत यांच्या 'द ग्रेट गॅम्बलर'ने (१९७९). अमिताभ बच्चन आणि झीनत अमान गोंडोल्यात बसले आहेत, नावाडी इटालियन भाषेत सूर लावतो आणि राहुल देव बर्मन यांचे संगीत हळूहळू पाण्यावर उतरते. गाणे गोडच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुंबईहून युरोपच्या सहलीला जाणाऱ्या बसमधील प्रत्येक जोडपे तेच गाणे मनात घेऊन तेथे उतरते, आणि अर्ध्या तासाच्या फेरीला २०२३ च्या अखेरीपासून दिवसा ९० युरो हा अधिकृत दर असल्याचे त्याला काठावर कळते. मग खर्च वाटून घेण्यासाठी अनोळखी लोकांसमवेत बसणे आले. दाटीच्या वेळी अरुंद कालव्यात नावेमागे नाव लागते. नावाडी बहुधा गात नाही. गाणारा हवा असल्यास त्याचे पैसे निराळे. आम्ही नावाड्याला दोष देत नाही. सुमारे अकरा मीटर लांबीची ती नाव एकाच वल्ह्याने, एकाच बाजूने, उभ्याने चालवायची म्हणजे कष्टाचे काम; सरळ रेषेत जाता यावे म्हणून नावेचा सांगाडाच एका अंगाला वाकडा बांधतात. आपल्या कोळी बांधवांना हे कसब वाचून नव्हे, पाहूनच कळेल. गाण्यात त्या कसबाला एकही चौकट मिळालेली नाही.

'अ लिटल रोमान्स' (१९७९) मध्ये तर दोन कोवळी मुले पॅरिसहून पळून व्हेनिसला येतात, कारण सूर्यास्ताला घंटा वाजत असताना निःश्वासांच्या पुलाखाली चुंबन घेतले तर प्रेम अमर होते, असे एका म्हाताऱ्याने त्यांना सांगितलेले असते. ती आख्यायिका त्यानेच रचलेली आहे हे चित्रपट स्वतः कबूल करतो. तरी लोक त्या पुलाखाली जातातच. तो पूल १६०० च्या सुमारास बांधला गेला तो राजवाड्यातील न्यायदालनांना तुरुंगाशी जोडण्यासाठी. निःश्वास होते ते कैद्यांचे. 'द टूरिस्ट' (२०१०) या चित्रपटाबद्दल मात्र लिहिण्याजोगे काही नाही. त्यात व्हेनिस हे महागड्या हॉटेलाच्या खिडकीपलीकडे टांगलेले एक चित्र आहे, इतकेच.

आमची मुख्य तक्रार दुर्गंधीची नाही आणि दरांचीही नाही. या चित्रपटांतून व्हेनिसची माणसे नाहीशी झाली आहेत, आणि आता ती खरोखरच नाहीशी होत आहेत. १९५१ मध्ये जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते; २०२२ मध्ये ती संख्या ५० हजारांच्या खाली गेली. रियाल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाने आपल्या खिडकीत २००८ पासून शहरातील रहिवाशांचा आकडा दाखवणारी पाटी लावली आहे, जणू रुग्णाचा ताप लिहावा तशी. २०२३ मध्ये पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा अधिक झाल्या. घरमालकाला कुटुंब ठेवण्यापेक्षा चार रात्रींचा पाहुणा ठेवणे फायद्याचे पडते. मग तरुण जोडपे शहर सोडते, शाळेत मुले उरत नाहीत, पाववाल्याच्या जागी मुखवट्यांचे दुकान येते. म्हणजे प्रेमाचे शहर म्हणून ज्याची जगभर ख्याती, तेथल्याच नवविवाहितांना तेथे संसार थाटणे परवडत नाही. २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास नगरपालिकेने सुरुवात केली, प्रथम ५ युरो. त्याने गर्दी हटली असे दिसत नाही. शहराला तिकीट लागले, एवढे मात्र खरे.

सकाळी ही नगरी चालू करणारे लोक पुलापलीकडून, मेस्त्रेहून येतात. तेथे मोठा बांगलादेशी समाज आहे. उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांत आणि मार्गेराच्या जहाजबांधणीच्या गोदीत तो राबतो. मार्गेराची कारखानदारी १९१७ पासूनची. तिची धुराडी खारकच्छाच्या काठावरून दिसतात. प्रेमपटाचा कॅमेरा मात्र नेमका तेवढ्या दिशेला वळत नाही. आणि आपलेही लोक तेथे होतेच की! प्रवासी जहाजांवर खानसामा, खलाशी, खोलीसेवक म्हणून काम करणारे गोमंतकीय तारवटी किती आहेत हे आमच्या गोव्याच्या वाचकांना सांगणे नलगे. १ ऑगस्ट २०२१ ला मोठ्या जहाजांना संत मार्कसमोरच्या पाण्यातून जाण्यास बंदी झाली, तोवर ती अवाढव्य जहाजे राजवाड्याच्या अंगणातून गेल्यासारखी जात. वरच्या सज्जात प्रवासी छायाचित्रे काढीत आणि खालच्या मजल्यांवर कोणाचा तरी मुलगा बशा पुसत असे. त्याने पाहिलेल्या व्हेनिसवर कोणी चित्रपट काढील काय?

गोव्याला हा अनुभव नवा नाही. 'बॉबी'ने (१९७३) गोमंतकीय ख्रिस्ती घराचे जे चित्र देशाला दिले ते पुसण्यात एक पिढी गेली, आणि 'दिल चाहता है'नंतर (२००१) शापोऱ्याचा किल्ला त्या चित्रपटाच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. वसईच्या कोटात विवाहपूर्व छायाचित्रणासाठी रांगा लागतात तेव्हा पडक्या ख्रिस्तमंदिरांच्या फरशीतील थडग्यांवर झगे पसरले जातात, हेही नमूद करावेसे वाटते.

व्हेनिस पर्यटकांपासून काय लपवते, हे विस्कोंती यांच्या 'डेथ इन व्हेनिस'मध्ये (१९७१) प्रथम धीटपणे आले. शहरात पटकी पसरली आहे, पाहुणे पळू नयेत म्हणून अधिकारी आणि हॉटेलवाले गप्प आहेत. तो प्रेमपट नव्हे आणि कुटुंबाने मिळून पाहावा असाही नव्हे, पण मूळ कादंबरिका लिहिणारे थॉमस मान १९११ साली तेथे होते आणि त्या वर्षीची पटकी खरीच होती.

रोगाचे व्हेनिस आपल्या लोकांना निराळ्या वाटेने परिचित असायला हवे. १५३७ मध्ये संत इग्नेशियसचे सोबती व्हेनिसला पोहोचले तेव्हा तरुण फ्रान्सिस झेवियर यांनी 'असाध्य रोग्यांच्या' इस्पितळात उपदंशाने सडलेल्या माणसांच्या जखमा धुतल्या. त्याच वर्षी २४ जूनला, योहान बाप्तिस्ताच्या सणादिवशी, व्हेनिसमध्येच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पाच वर्षांनी ते गोव्याच्या धक्क्यावर उतरले. ज्या इमारतीत ते इस्पितळ होते ती द्झात्तेरेच्या धक्क्यावर अजून उभी आहे आणि तेथे ललित कला अकादमी चालते. सहलीच्या बसमधील आपली मंडळी पदुआला संत अंतोनीच्या दर्शनाला जातात, व्हेनिसला नौकाविहार करतात, आणि गोव्यात ज्याच्या शवासमोर रांगा लावतात त्या संताच्या या इस्पितळासमोरून न थांबता निघून जातात. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ते नसते.

एका चित्रपटाचा अपवाद केला पाहिजे. सिल्व्हिओ सोल्दिनी यांच्या 'पाने ए तुलिपानी'मध्ये (२०००) पेस्कारा गावची एक गृहिणी सहलीच्या बसमधून वाटेतच चुकून मागे राहते. घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही. ती व्हेनिस गाठते, फुलांच्या दुकानात काम धरते, एका उदास वेटरच्या घरी भाड्याने राहते. या व्हेनिसमध्ये संत मार्कचा चौक जवळजवळ नाहीच. दोरीवर वाळणारे कपडे आहेत, ओलसर जिने आहेत, शेजारीण आहे. मुलांना सोडून राहणाऱ्या आईचा निर्णय आम्हांला मान्य नाही, आणि दिग्दर्शकाने तो फार सोपा करून टाकला आहे. पण नवरा, मुले, बस, सारे काही असताना एका बाईची अनुपस्थिती कोणाला जाणवत नाही, हे ज्याने पाहिले त्याचा डोळा साधा नव्हे. जेन हडसन एकटी होती म्हणून व्हेनिसला आली. ही तर घरातच एकटी होती. विवाहपूर्व मार्गदर्शनात दाखवायचाच झाला तर आम्ही हा चित्रपट दाखवू, आणि नंतर तासभर भांडू देऊ.

ज्यांना जायचेच आहे त्यांनी नोव्हेंबरात जावे असे आम्ही सुचवू, थंडी आणि पाणी चढण्याची शक्यता गृहीत धरून. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये शहराचा सुमारे तिसरा हिस्सा मेला. नवस म्हणून आरोग्यदायी मातेचे, 'सालूते'चे, मंदिर बांधले गेले. दरवर्षी २१ नोव्हेंबरच्या सणासाठी मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल उभारतात. त्या दिवशी मेस्त्रेला राहायला गेलेली कुटुंबेही म्हाताऱ्यांना हाताला धरून, मुलांना घेऊन येतात, मेणबत्ती लावतात, घरी मटणाचे आणि कोबीचे जुने पक्वान्न शिजते. आम्ही पाहिलेल्या एकाही प्रेमपटात ती गर्दी नाही.