अहंविसर्जन की आत्मलोप? : ‘चांगदेव पासष्टी’ आणि संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन

प्रस्तावना

मराठी संतकाव्याच्या अध्यापनात ‘अहंकाराचा त्याग’ ही संज्ञा इतक्या सहजपणे वापरली जाते, की तिचा नेमका अर्थ तपासण्याची गरजच भासत नाही. व्यवहारात अहंकार म्हणजे गर्व. सांख्य दर्शनात मात्र महत् तत्त्वापासून उद्भवणारे ‘मी’पणाचे भान, असा त्याचा अर्थ आहे. गर्व सोडणे ही नीतीची बाब आहे. ‘मी’पणाचे भान विरणे ही अनुभूतीची बाब आहे. या दोहोंची गल्लत झाली, की नम्रतेचा प्रत्येक उद्गार आध्यात्मिक ठरतो आणि निमूटपणे सोसणेही साधनेत जमा होते. ज्याच्यापाशी सत्ता आहे त्याने ‘मी’ सोडणे आणि जिचा ‘मी’ समाजानेच नाकारला आहे तिने तो सोडणे, या दोन्ही क्रिया एकच मानता येतील काय? ज्ञानदेवांची (१२७५–१२९६) ‘चांगदेव पासष्टी’ आणि शिऊरच्या संत बहिणाबाईंचे (१६२८–१७००) आत्मनिवेदनपर अभंग यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोऱ्या पत्राचा अर्थ

परंपरेने सांगितलेली कथा सर्वपरिचित आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या, सिद्धींच्या बळावर काळाला परतवणाऱ्या चांगदेवांना ज्ञानदेवांना पत्र लिहावयाचे होते. परंतु वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावे, हे ठरेना. त्यांनी कोरेच पत्र पाठविले. अहंकार हा मायन्यातच कसा अडकतो, हे या कथेने अचूक दाखविले आहे. समोरच्याच्या तुलनेत आपण कोठे उभे आहोत, हे ठरल्याशिवाय ‘मी’ला बोलताच येत नाही.

ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांत दिलेल्या उत्तरात चांगदेवांच्या सिद्धींची निर्भर्त्सना नाही. थोर कोण आणि धाकटा कोण, हा प्रश्न ते सोडवीत नाहीत. तो ज्या भेदावर उभा आहे तो भेदच ते काढून घेतात. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांतील द्वैत आरशाच्या दृष्टान्ताने विरते. पाण्याचा ठाव घेण्यास गेलेले मीठ स्वतःच उरत नाही. मात्र याच रचनेत सोन्याचाही दृष्टान्त आहे. सोने अलंकार होते, परंतु त्याच्या सोनेपणाला उणेपण येत नाही. मिठाच्या दृष्टान्ताकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. सोन्याचा दृष्टान्त समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. अहंविसर्जनात आकार जातो, सत्त्व घटत नाही, ही कसोटी त्यातून हाती येते.

बहिणाबाईंचा ‘मी’

ही कसोटी बहिणाबाईंच्या अभंगांना लावली असता वेगळेच चित्र दिसते. बालवयात प्रौढ बिजवराशी झालेला विवाह, कोल्हापूरच्या मुक्कामात लागलेली कीर्तनाची ओढ, त्यापायी पतीकडून झालेली मारहाण, जीव जडलेल्या वासराचा मृत्यू आणि त्यानंतर स्वप्नात लाभलेला तुकोबांचा अनुग्रह, हा त्यांच्या निवेदनाचा परिचित भाग आहे. चांगदेवांपाशी सोडण्याजोगे पुष्कळ होते. बहिणाबाईंपाशी ‘पत्नी’ आणि ‘ब्राह्मणी’ या इतरांनी दिलेल्या दोनच ओळखी होत्या, आणि या दोहोंशी त्यांचा व्यवहार सारखा नाही.

‘ब्राह्मणी’ ही ओळख त्यांनी निर्भयपणे सैल केली. ब्राह्मण स्त्रीने शूद्र मानल्या गेलेल्या तुकोबांना गुरू मानले, यावर देहूत मंबाजींचा आक्षेप होता. ‘वज्रसूची’च्या आधारे रचलेल्या अभंगांत त्यांनी ब्राह्मण्य देहात आहे की जन्मात, असे एकेक स्थान तपासून नाकारले आणि ते ब्रह्मज्ञानात पाहिले. जात हाही ‘मी’पणाचाच एक थर आहे, हे त्यांनी ओळखले होते. ‘पत्नी’ या ओळखीपाशी मात्र त्यांची भाषा बदलते. पतिसेवा हाच धर्म सांगणारे त्यांचे अभंग केवळ अहंत्यागाचे उदाहरण म्हणून वाचले, तर मारहाणीलाही आध्यात्मिक प्रतिष्ठा मिळते. ते केवळ पराभव म्हणून वाचले, तर भक्ती आणि संसार या दोहोंचा मेळ घालण्याची त्यांची धडपड दुर्लक्षित राहते. सोन्याच्या कसोटीवर पाहता या अभंगांत विसर्जन आणि उणेपण यांची सरमिसळ आहे, असेच म्हणावे लागते. ही सरमिसळ झाकणे हे समीक्षेचे काम नव्हे.

निवेदनातून विसर्जन

येथे एक विरोधाभास लक्षात घेतला पाहिजे. ‘मी’ विरावा म्हणून साधना करणाऱ्या या स्त्रीने आपले चरित्र प्रथमपुरुषात सांगितले. हा विरोधाभास त्यांच्या अखेरच्या निवेदनात उलगडतो. मृत्यू समीप आला असता त्यांनी पुत्र विठोबास आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. या कथनाच्या सत्यासत्यतेपेक्षा त्यातील निवेदनाची रीत महत्त्वाची आहे. ‘मी’ येथे पुसला जात नाही; तो इतक्या जन्मांवर पसरतो, की चालू देहाच्या नावाची, नात्याची आणि जातीची पकड आपोआप ढिली होते. चांगदेवांचा अहं रिक्त होऊन विरतो, बहिणाबाईंचा विस्तारून. ज्याला आवाजच नाही त्याला मौन स्वीकारता येत नाही. म्हणून आधी निवेदन आणि मग विसर्जन, असा हा क्रम आहे.

निष्कर्ष

१. संतकाव्यातील अहंविसर्जन ही एकसाची कल्पना नाही. साधकाच्या सामाजिक स्थानानुसार तिचा मार्ग बदलतो.
२. स्वेच्छेने सोडलेला ‘मी’ आणि बळाने दडपलेला ‘मी’ यांत भेद करणे आवश्यक आहे. त्यासाठीची कसोटी ‘चांगदेव पासष्टी’तच उपलब्ध आहे, ती बाहेरून आणावी लागत नाही.
३. बहिणाबाईंचे आत्मनिवेदन हे अहंकाराचे अवशेष नसून विसर्जनाचे साधन आहे.

वर्गात बहिणाबाईंचे पतिसेवेचे अभंग शिकविताना ‘वज्रसूची’वरील आणि पूर्वजन्मांचे अभंग त्यांच्यासोबत वाचले गेले, तर समर्पण आणि शरणागती यांतील अंतर विद्यार्थ्यांना रचनेतूनच दाखविता येईल.