काटो-कात्झ मलपरीक्षण पद्धती : उपयुक्तता आणि मर्यादा

आतड्यातील कृमींच्या प्रादुर्भावाचे सर्वेक्षण करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेली काटो-कात्झ पद्धती प्रमाणभूत मानली जाते. काटो व मिउरा यांनी १९५४ मध्ये जपानमध्ये मांडलेल्या जाड लेपाच्या तंत्राला कात्झ व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ब्राझीलमध्ये मोजमापाची जोड दिली. साच्याच्या छिद्रात मावणारा सुमारे ४१.७ मिलिग्रॅम मल काचपट्टीवर घेऊन ग्लिसरीनमध्ये भिजवलेल्या सेलोफेनने झाकला जातो. दिसलेल्या अंड्यांच्या संख्येस २४ ने गुणले की प्रतिग्रॅम अंडी मिळतात. अल्प खर्च आणि संसर्गाची तीव्रता मोजण्याची सोय हे तिचे निर्विवाद गुण होत.

तथापि तिच्या मर्यादाही याच रचनेतून उद्भवतात. प्रतिग्रॅम १२ अंडी असल्यास सरासरीने दोन पट्ट्यांमागे एकच अंडे हाती लागते. शिवाय अंड्यांची संख्या दररोज बदलते. अंकुशकृमीची अंडी ग्लिसरीनमुळे लवकरच दिसेनाशी होतात; म्हणून पट्टी अर्ध्या ते एक तासात तपासणे आवश्यक ठरते. स्ट्राँगिलॉइडिसच्या संसर्गात मलातून सामान्यतः अंडी नव्हे, तर अळ्या बाहेर पडतात. त्यांच्यासाठी बेअरमन पद्धती अथवा अगार संवर्धन लागते. अमीबा व जिआर्डिया यांच्या निदानासाठी तर ही पद्धती नाहीच.

भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयोगटास अल्बेंडाझोल दिले जाते. औषधोपचाराने कृमींचा भार घटतो, तसे सौम्य संसर्गाचे प्रमाण वाढते आणि नेमका तोच या पद्धतीच्या नजरेतून निसटतो. म्हणजे मोहीम जितकी यशस्वी, तितके तिचे मोजमाप दुबळे. अशा शून्यावर विसंबून उपचार थांबवल्यास मातीतून संसर्ग पुन्हा पसरू शकतो.

मात्र दोष केवळ पद्धतीचा नाही. अंकुशकृमीचा मध्यम संसर्ग प्रतिग्रॅम २,००० अंड्यांपासून गणला जातो. तो ओळखण्यास ती पुरेशी आहे. समूहाच्या मोजमापासाठी घडवलेल्या साधनाकडून व्यक्तीच्या निदानाची अपेक्षा करणे, ही खरी गफलत होय. रुग्णाच्या बाबतीत अनेक दिवसांचे नमुने, फॉर्मॉल-ईथर संहतीकरण आणि शक्य तेथे पीसीआर चाचणी यांची जोड अपरिहार्य आहे. महाविद्यालयीन संशोधनात ‘कृमी आढळले नाहीत’ असा निष्कर्ष नोंदवताना किती नमुने, किती पट्ट्या आणि किती वेळात तपासल्या, हे नमूद केले नाही, तर त्या निष्कर्षाचे शास्त्रीय मूल्य संशयास्पदच राहते.