तेरेजाच्या आत्मचरित्रातील पिता

पाचारणाच्या कथा आपल्याकडे बहुधा एकाच साच्यातून निघतात. कन्या दृढनिश्चयी, आईबाप प्रपंचात बुडालेले आणि मठाचे दार उघडताच सर्वत्र आनंदीआनंद! अविलाच्या संत तेरेजाने (१५१५-१५८२) धर्मगुरूंच्या आज्ञेवरून लिहिलेल्या आत्मचरित्रात हा साचा केव्हाच मोडलेला आहे.

तिचे वडील आलोन्सो दे सेपेदा हे धर्मशील, ग्रंथप्रेमी गृहस्थ. पत्नी निवर्तलेली, ही लेक सर्वांत लाडकी. संत जेरोमची पत्रे वाचून तिला धीर आला व तिने आपला मनोदय पित्याच्या कानी घातला. एकदा शब्द तोंडून गेला की मानी स्वभावामुळे आपल्याला माघार घेता येणार नाही, हे ती जाणून होती. असा बारकावा भाविक चरित्रकाराला सुचणे कठीण. पित्याने नकार दिला. माझ्यामागे हवे ते कर, एवढीच त्याची सवलत. १५३५ साली, विसाव्या वर्षी, ती एका भावासह पहाटेच घराबाहेर पडली. प्रेरणा कोणती? देवप्रीतीपेक्षा नरकाचे भय अधिक, असे ती स्वतःच नमूद करते. पित्याच्या वियोगाची वेदना तिला मरणाच्या तोडीची वाटली आणि ती वेदना शमविण्याइतके देवप्रेम आपल्यापाशी नव्हते, हेही ती लपवीत नाही.

मात्र त्या सकाळी पित्यावर काय गुजरले, हे ती लिहीत नाही. ही उणीव मला लहान वाटत नाही. विरोध करणाऱ्याची बाजू इथेही मुकीच राहते.

तिची भरपाई सातव्या प्रकरणात होते. मठप्रवेशापाशीच थांबणाऱ्या चरित्रांना ते दिसतच नाही. तेरेजा पित्याला ध्यानप्रार्थना शिकविते आणि तो त्या वाटेवर झपाट्याने पुढे जातो. इकडे तिची स्वतःची प्रार्थना खंडित झालेली! वर्षभराहून अधिक काळ ती थांबली होती. अखेर तिने त्याला तसे सांगितले, पण आजारपणाची सबब पुढे करून; त्या सरळ मनाच्या माणसाला ती पटली. १५४३ साली त्याच्या शेवटच्या दुखण्यात शुश्रूषेला तीच होती. त्याचे पापनिवेदन ऐकणारे डोमिनिकन धर्मगुरू पुढे तिचेही मार्गदर्शक झाले आणि मोडलेली प्रार्थना त्यांनीच तिला पुन्हा धरावयास लावली.