भाव घोड्याचा की गर्दीचा?

रेसच्या पैजेतील दराला आपल्याकडे ‘भाव’ म्हणतात, आणि हा शब्द मला अचूक वाटतो. भाव केवळ मालाच्या गुणावर ठरत नाही, गिऱ्हाइकांच्या मागणीवरही ठरतो. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर टोटच्या फलकावर दिसणारा आकडा घोड्याचा वेग सांगत नाही. लोकांनी त्याच्यावर किती पैसे लावले, हे सांगतो. रेसची पैज हा कौशल्याचा खेळ आहे, हे नेहमी ऐकू येणारे विधान तपासताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

त्या विधानाला आधार आहे डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालाचा. घोड्याची पैदास, त्याची तालीम, जॉकीचे कसब यांचा विचार करून न्यायालयाने शर्यतीत कौशल्याचा वाटा प्रमुख ठरवला. शर्यतीपुरते ते मला मान्य आहे. पण धावतो घोडा. पैसे लावणारा खिडकीपाशी उभा असतो. त्याचे कौशल्य कशात मोजायचे?

टोटचे उदाहरण घेऊ. समजा, ‘विन’वर एक लाख रुपये जमले आणि त्यातून २० टक्के कापले गेले. उरलेले ८० हजार जिंकणाऱ्यांत वाटले जातात. विजयी घोड्यावर २० हजार लागले असतील, तर १० रुपयांच्या तिकिटाला ४० रुपये मिळतील; ४० हजार लागले असतील, तर २०. घोडा तोच, जॉकी तोच. म्हणजे उत्तम घोडा ओळखणे पुरेसे नाही. गर्दीने त्याला कमी लेखले आहे का, हे ओळखावे लागते. आणि तेही कपात भरून निघेल इतके.

बुकीकडे ही कपात भावातच दडलेली असते. पाच घोड्यांचे भाव ६-४, २-१, ४-१, ९-१ आणि ९-१ असतील, तर त्यांतून निघणाऱ्या शक्यता अनुक्रमे ४०, ३३.३, २०, १० आणि १० टक्के. बेरीज ११३.३. खऱ्या शक्यतांची बेरीज शंभरच असते. वरचा भाग बुकीचा.

पैजेचा प्रकार बदलला की गणितही बदलते. दहा घोडे धावत असतील, तर ‘विन’ला दहा पर्याय. पहिले दोन कोणत्याही क्रमाने सांगायच्या ‘क्विनेला’त ४५, क्रमाने सांगायच्या ‘फोरकास्ट’मध्ये ९०, पहिले तीन क्रमाने सांगायच्या ‘टनाला’त ७२०. पाच शर्यतींचे विजेते मागणाऱ्या ‘जॅकपॉट’मध्ये, प्रत्येकीत दहा घोडे धरल्यास, एक लाख. समजा, एखाद्या जाणकाराचा अंदाज सरासरी तीन शर्यतींत एकदा बरोबर येतो. पाचही शर्यती साधण्याची त्याची शक्यता २४३त एक. डोळे मिटून तिकीट घेणाऱ्यापेक्षा तो चारशे पटींनी पुढे आहे, हे खरे. पण ती आघाडी पदरात पडण्याआधी खिसा रिकामा होण्याची भीतीच मोठी.

माझा आक्षेप एवढाच, की ‘कौशल्य’ हा एकच शिक्का सगळ्या तिकिटांवर मारला जातो. ‘विन’च्या शेकडो पैजांच्या हिशेबात कौशल्य दिसू शकेल, जॅकपॉटच्या एका तिकिटात ते नशिबापासून वेगळे काढता येत नाही. घोडामैदान जवळच आहे, असे आपण म्हणतो. घोड्याचा कस मैदानात दोनेक मिनिटांत लागतो. पैज लावणाऱ्याचा लागायला कित्येक हंगाम जातात. निकालातील शब्द खिडकीपाशी आधार म्हणून वापरणाऱ्याने आधी आपल्या हंगामाचा जमाखर्च मांडून पाहावा.