घुमणे आणि बोलणे

इंग्रजीत ‘कू’ हे एक लहानसे क्रियापद आहे. आवाजावरूनच घडलेले आणि सतराव्या शतकापासून रुळलेले. होला ‘कू’ करतो, पाळण्यातले दोन-तीन महिन्यांचे मूल ‘कू’ करते आणि प्रेमात पडलेले जोडपेही ‘कू’ करते. ‘बिल अँड कू’, म्हणजे चोचीला चोच लावून घुटरघू, हा तर प्रेमिकांच्या लाडिक चाळ्यांसाठी तिथला जुना वाक्प्रचार. पक्षी, मूल आणि प्रेमी या तिघांना एकाच शब्दाखाली बसवताना त्या भाषेला अवघड वाटत नाही. मराठी अनुवादक मात्र इथे थबकतो.

मराठीत पारवा घुमतो, मूल हुंकारते आणि प्रेमिक गुलुगुलु बोलतात. एकाचे क्रियापद दुसऱ्याला लावून पाहावे. ‘बाळ घुमतंय’ असे म्हटले, तर घरातली आजी आधी मीठमोहऱ्या शोधील. कारण आपल्याकडे घुमते ती अंगात देवी आलेली बाई. महालक्ष्मीच्या रात्री फुंकलेली घागर घुमते. मनातले मनातच ठेवणारा माणूस घुमा. या शब्दाचे सगळे नाते पोकळीशी आणि स्वतःत बुडून जाण्याशी आहे. बीड जिल्ह्यात पारव्याचा आवाज ऐकायचा, तर जुन्या विहिरीच्या काठाशी जावे. कपारीत बसलेला पक्षी दिसत नाही. वर येते ती त्याच्या आवाजाने भरलेली विहीर. घुमणे या शब्दात पक्ष्याइतकीच ती पोकळीही आहे.

मग मराठीने मूल आणि प्रेमी यांना पाखरू दिलेच नाही काय? दिले, पण ते वेगळे. जात्यावरच्या ओव्यांत लेक राघू असतो, लेकी मैना असतात. प्रेमाच्या जोडीलाही आपण राघू-मैनाच म्हणतो. अण्णा भाऊ साठे यांच्या गाजलेल्या छक्कडीत मुंबईला गेलेल्या माणसाची गावी राहिलेली सखी ‘मैना’च आहे. राघू आणि मैना ही बोलणारी पाखरे. इंग्रजी शब्द अर्थापूर्वीच्या नादावर लुब्ध आहे. मराठी मायेला ओढ आहे ती बोलाची. म्हणून तान्ह्याने नुसता ‘अग्गू’ असा आवाज काढला, तरी आई म्हणते, “बोलतंय गं माझ्याशी!” प्रेमिकांच्या हळू आवाजालाही आपण गुज म्हणतो. गुज म्हणजे गुह्य, आतले सांगणे. तिथेही नाद पुरत नाही. सांगण्यासारखे काही लागते.

तरीही ही तिन्ही आपल्या परंपरेत एकदा एकत्र आली आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांपैकी एक कपोत. एकमेकांत रमलेले ते जोडपे पिलांचे कूजन ऐकून हरखून जाते. पुढे पिले जाळ्यात सापडतात, पाठोपाठ कपोती, आणि शेवटी तोही स्वतः होऊन जाळ्यात जातो. गोदेकाठच्या पैठणच्या एकनाथांनी 1573 मध्ये काशीत पूर्ण केलेल्या टीकेतून ही कथा मराठीत आली. तात्पर्य आसक्ती सोडण्याचे आहे. पण त्या कूजनाची गोडी आधी पटली नाही, तर जाळ्याचे दुःखही पटत नाही. वैराग्याच्या दृष्टान्तालाही प्रपंचाचा हा मऊ आवाज उसना घ्यावा लागतो, हे मला तात्पर्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

बालकवींच्या ‘पारवा’ या कवितेत मात्र कूजन ऐकणारे कुणी उरलेले नाही. पडकी धर्मशाळा, तिच्या छपरावर एकटा पक्षी आणि त्याचे उदास गाणे. ही उदासी केवळ कवीच्या स्वभावातली आहे, असे समजणे सोपे आहे. मला ती ‘घुमणे’ या शब्दातच आधीपासून दबा धरून बसलेली दिसते. बालकवींनी तिला जागा दिली.

हे सारे कोशापुरते राहत नाही. हा अंक वाचकांच्या हाती पडेल, त्या सुमारास आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतील. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत. कोप्यांच्या दाटीत गुज कुठे बोलावे? मागे गावात म्हातारी माणसे आणि कुलूप लावलेली घरे उरतात. त्या घरांच्या वळचणीला पारवे घुमत असतात.

अनुवादकाने ‘कू’साठी एकच मराठी शब्द शोधू नये. पाळण्याशी हुंकार ठेवावा, माजघरात गुज ठेवावे. घुमणे मात्र जपून वापरावे. ते आपल्याकडे बहुधा घर रिकामे झाल्यावर ऐकू येते.